परसबाग : गंदना लावायचा तर आत्ताच

कांदा, लसूण आणि गंदना. हदीसच्या उर्दू तरजुम्यात ही तीन नावे आपण एकत्र ऐकतो. हे कच्चे खाऊन मशिदीत येऊ नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद आहे. कांदा-लसूण रोज हाताखालून जातात, गंदना मात्र आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलेला असतो. अरबीत तो कुर्रास. मोठ्या शहरांतल्या मंडईत ‘लीक’ म्हणून मिळतो तो जाड, पांढऱ्या दांड्याचा याचाच भाऊ. आखाती देशांत पातीच्या जुड्या विकतात, दांड्यापेक्षा पातच खातात. चव कांद्याचीच, पण सौम्य.

जयसिंगपूरला परसात चार हात जागा असेल तर हे पीक येते. अट एकच, वेळ चुकवायची नाही. गंदन्याला थंडी लागते आणि वाढ सावकाश होते. बी टाकल्यापासून ताटात यायला पाच महिने जातात. परतीचा पाऊस सरताच, ऑक्टोबर संपायच्या आत बी पडले तर मार्चचे ऊन तापायच्या आत दांडा भरतो. ही संधी हुकली की गाठ पुढच्या वर्षी.

बी काळे, कोनेदार, अगदी कांद्याच्या बियांसारखे. इथे एक घोटाळा होतो. डब्यातल्या कलौंजीला पुष्कळजणी कांद्याचे बी समजतात. कलौंजी वेगळ्याच झाडाची असते. ती पेरून कांदाही येणार नाही आणि गंदनाही नाही. बी दुकानातूनच आणा आणि पाकिटावरची तारीख वाचा. कांद्याच्या कुळातले बी लवकर म्हातारे होते, वर्ष उलटले की उगवण घटत जाते. शंका असेल तर वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून दहा-बारा दिवस ठेवा. दहापेक्षा कमी मोडल्या तर ते पाकीट वाफ्यात घालू नका.

खरी कसोटी पहिल्या सहा आठवड्यांची. आपली काळी माती पाणी धरते, वाळली की तडकते. कोवळ्या रोपाला दोन्ही सोसत नाही. म्हणून माती, वाळू आणि चाळलेले शेणखत सारखे घेऊन वीतभर उंच गादीवाफा करा. जागा नसेल तर बुडाला भोके पाडलेली जुनी पाटीही चालते. बोटाने रेघा ओढून अर्ध्या पेराइतके खोल बी टाका, वर ओले पोते घाला, झारीने पाणी द्या. आठ ते चौदा दिवसांत कोंब दिसताच पोते काढा. काढायला उशीर झाला तर रोपे पिवळी पडून लोळतात. पाणी सकाळीच द्या. संध्याकाळी चिखल राहिला की रोपे बुडाशी सडून माना टाकतात.

शिरोळ तालुक्यात क्षारपड जमीन पुष्कळ आहे. वाफ्यावर पांढरी खार फुटत असेल किंवा बोअरचे पाणी मचूळ असेल, तर रोपांना नळाचे पाणी द्या. कांद्याच्या कुळाला खार सोसत नाही, पातीची टोके आधी जळतात.

सात-आठ आठवड्यांनी रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की हलवा. काठीने वीतभर अंतरावर सहा इंच खोल भोके पाडा. एकेका भोकात एकेक रोप सोडा आणि नुसते पाणी घाला. माती दाबू नका, पाण्याबरोबर ती आपोआप बसते. दांडा जाड होऊ लागला की दर पंधरा दिवसांनी थोडी माती चढवा. जितका भाग उजेडाआड राहील, तितका पांढरा आणि कोवळा निघेल. पातीवर चंदेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिडे. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा.

पात खाण्याचा कुर्रास असेल तर मातीच्या वर दोन बोटे ठेवून कापा, पुन्हा फुटतो. लीक मात्र मुळासकट काढा. गड्डा धरत नसल्यामुळे अंगठ्याएवढा झाला तरी खाता येतो. पानांच्या बेचक्यात माती अडकते, म्हणून उभा चिरून धुवा. खिम्यात किंवा शोरब्यात पांढरा भाग कांद्याच्या जागी घाला, हिरवी पात डाळीत.

या दोन-तीन वर्षांत रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे, म्हणजे ऐन काढणीच्या दिवसांत. इफ्तारला खाऊन तरावीहला जायचे असते. हजरत उमर (रजि.) यांनी सांगितलेच आहे की, कांदा-लसूण खायचाच असेल तर शिजवून त्याचा वास मारावा. गंदन्यालाही तोच कायदा लावा.

गंदन्याचे बी मिळालेच नाही तर वाफा रिकामा ठेवू नका. याच रीतीने कांद्याचे बी टाका. फक्त रोप खोल न लावता वरचेवर लावा आणि माती चढवू नका.