तुळस अंगणातली आणि बाटलीतली

खोकला-पडशाला तुळशीच्या चार पानांचा काढा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या घेतला जातो. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच विश्वासाने हल्ली तुळशीच्या तेलाचे थेंब चहात घालून पितात, लहान मुलांनाही देतात. "नैसर्गिकच आहे, अपाय कसला?" हा युक्तिवाद मला मान्य नाही.

ताज्या पानांच्या शंभर ग्रॅममध्ये सुगंधी तेल बहुधा एक ग्रॅमही नसते. म्हणजे चार पाने आणि चार थेंब यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शिवाय हे तेल म्हणजे एकच द्रव्य नव्हे. प्रयोगशाळेत त्याची वाफ करून ती केसासारख्या बारीक, कित्येक मीटर लांब नळीतून सोडतात. एकेक द्रव्य आपापल्या वेळी बाहेर पडते व त्याची ओळख पटवता येते. या पद्धतीला गॅस क्रोमॅटोग्राफी म्हणतात. तुळशीच्या तेलात युजेनॉल, मिथाइल युजेनॉल, कॅरिओफायलीन अशी अनेक द्रव्ये सापडतात. परंतु वाण, जमीन व हंगाम यांनुसार त्यांचे प्रमाण बदलते. एका तेलात युजेनॉल प्रमुख, तर दुसऱ्यात मिथाइल युजेनॉल.

हा फरक क्षुल्लक नाही. युजेनॉल हे लवंग तेलातले मुख्य द्रव्य. लवंग तेल प्यायल्याने लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या, झटके आल्याच्या नोंदी आहेत. मिथाइल युजेनॉलच्या मोठ्या मात्रेने उंदरांच्या यकृतात गाठी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ साली त्याला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. म्हणून अंगणातली तुळस कोणी उपटू नये! प्रश्न मात्रेचा आहे.

पेनिसिलीनही बुरशीपासूनच, म्हणजे निसर्गातूनच आले. आपल्या पिंपरीत १९५५ साली त्याचे उत्पादन सुरू झाले, ते मोजूनमापूनच. चाकणच्या कारखान्यात पोलादाची कांब आली तरी तिच्यात कार्बन किती, मँगेनीज किती, याचे प्रमाणपत्र सोबत मागतात. मग पोटात जाणाऱ्या तेलाला नुसते 'शंभर टक्के शुद्ध' एवढे लेबल कसे पुरेल? पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून आहे आणि सुगंधी तेलांवर तेथे मोठे काम झाले आहे. तपासणीचे ज्ञान आपल्या दाराशीच आहे. प्रत्येक बॅचमधील प्रमुख घटकांचे प्रमाण बाटलीवर छापणे उत्पादकांना बंधनकारक करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर वाचकांनी एवढे पाळावे: असे तेल आपल्या मनाने पोटात घेऊ नये. लहान मुले, गरोदर स्त्रिया, यकृताचे रुग्ण आणि रक्त पातळ होण्याची औषधे घेणारे यांनी तर मुळीच नाही. बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. मूल चुकून तेल प्यायलेच, तर उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे.