दुमडलेल्या कानांची किंमत

गेल्या रविवारी परळला बहिणीकडे जेवायला गेलो होतो. भाचीने मोबाईल माझ्यापुढे धरला. "मामू, हे बघा, किती गोड आहे! आम्ही घेणार आहोत." गोल तोंडाचं, मोठ्या डोळ्यांचं मांजर, कान पुढे दुमडून डोक्याला चिकटलेले. मागचे पाय पसरून एखाद्या सुफीसारखं शांत बसलेलं. जातीचं नाव स्कॉटिश फोल्ड. टेलर स्विफ्टकडे ही मांजरं आहेत, हेही तिनेच सांगितलं.

मांजर पाळायला माझी हरकत असण्याचं कारण नाही. आमच्या घराण्यात मांजराला कुणी हाकललेलं मला आठवत नाही. अबू कतादा वुजू करत असताना मांजर आलं, तर त्यांनी भांडं कलतं करून त्याला पाणी पिऊ दिलं आणि मांजर नापाक नाही हे पैगंबरांचं म्हणणं सांगितलं, अशी हदीस आहे. अबू हुरैरांचं तर नावच मांजराच्या पिल्लावरून पडलं. म्हणून भाचीला नाही म्हणण्याआधी मी या मांजराची माहिती काढली.

1961 साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सूझी नावाची पांढरी मांजर सापडली. तिचे कान दुमडलेले होते. आज जगभर असलेली ही सगळी मांजरं तिच्याच वंशातली. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे कान सरळ असतात, तीनेक आठवड्यांनी ते दुमडू लागतात. कारण कानाची कूर्चा, म्हणजे आतलं लवचीक हाड, कमकुवत असते. पण कूर्चा फक्त कानात नसते. ती पायांच्या सांध्यांत असते, शेपटीत असते. कान वाकवणारा जनुकातला दोष तिथेही काम करतो. सांधे आखडतात, हाडं वेडीवाकडी वाढतात, शेपटी ताठ होते. आई आणि बाप दोघांचेही कान दुमडलेले असतील तर काही पिल्लांचे हाल फार होतात. आधी वाटत होतं की एकच पालक तसा असेल तर धोका नाही. 1999 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं की अशा मांजरांनाही हाच आजार असतो, कमीजास्त प्रमाणात. म्हणजे दुमडलेला कान हेच आजाराचं लक्षण.

मग या जातीच्या स्वभावाचं जे कौतुक होतं ते वेगळं दिसू लागतं. शांत असतं, फार उड्या मारत नाही, पाय पसरून मजेशीर बसतं. पुष्कळदा ते उडी मारत नाही कारण उडी मारली की दुखतं. मांजर दुखणं लपवतं आणि आपण त्या लपवण्याला गोडपणा म्हणतो. ब्रिटनच्या मुख्य मांजर संघटनेने 1970 च्या दशकातच या जातीची नोंदणी बंद केली. नेदरलँड्समध्ये पैदाशीवर बंदी आहे. आपल्याकडे 2018 चे पेट शॉप नियम आहेत, पण बंदी नाही.

सूरह निसाच्या 119 व्या आयतीत सैतानाच्या बहकावण्याचं उदाहरण म्हणून जनावरांचे कान चिरणं आणि अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करणं, या दोन गोष्टी एकत्र येतात. तिथला संदर्भ अरबांच्या जुन्या प्रथेचा आहे आणि मी आलिम नाही, फतवा देत नाही. पण कानाच्या शोभेसाठी एक मुकी मखलूक जन्मभर दुखणं घेऊन जन्माला यावी, अशी मागणी आपण पैसे मोजून करत असू, तर ती आयत वाचताना थोडं थांबायला हवं. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. तिने मांजराला खायला दिलं नाही. आपण खायला सगळं देऊ, पण त्याचं दुखणं आपणच विकत घेतलेलं असेल.

"मग ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी काय करायचं?" भाचीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. त्यांनी ते मांजर रस्त्यावर सोडू नये, ती अमानत आहे. वजन वाढू देऊ नये. पलंगाजवळ छोटी पायरी ठेवावी, शी-शूचा ट्रे बसक्या कडेचा घ्यावा, शेपटी ओढू नये. लंगडत असेल तर एक्स-रे काढून वेदनेवर औषध सुरू करावं. नसबंदी मात्र नक्की करावी, म्हणजे हे दुखणं पुढे जाणार नाही.

आणि ज्यांना नवं मांजर हवंय त्यांच्यासाठी लालबाग-दादरच्या मासळीबाजारात, चाळींच्या जिन्याखाली सरळ कानांची पिल्लं कमी नाहीत. लस आणि नसबंदीसाठी परळचं बैलघोडा हॉस्पिटल भाचीच्या घरापासून चालत जाण्याएवढं जवळ आहे. 1883 पासून ते मुंबईची मुकी जनावरं सांभाळतंय.

भाचीचा हिरमोड झाला, हे खरं. पण जाताना तिने विचारलं, "मामू, जिन्याखालच्या पिल्लाला आधी कुठली लस देतात?"