नवी बॅटरी टाकायच्या आधी मीटर लावा, भाऊ

अमरावती असो की अकोला, चार दिवस उभी असलेली कार सेल घेत नाही म्हटलं की गॅरेजवाल्याचं ठरलेलं उत्तर: "बॅटरी गेली, नवी टाका." काहून? मीटर तर लावलाच नाही!

अकोल्याचं ४५ डिग्रीचं ऊन बॅटरीचं आयुष्य खातं, मान्य. पण बंद गाडीतही करंट जातच असतो. घड्याळ, लॉक, अलार्म मिळून साधारण ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतो. तोच अर्धा अँपिअर झाला तर ४५ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी ९० तासांत रिकामी. नवी टाकली तर तीही तशीच उतरणार, खिसा तुमचा.

तपासणी काही अवघड नाही. चावी काढायची, निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याच्या वायरच्या मधे १० अँपिअरवर मीटर जोडायचा (तेव्हा सेल मारू नका, मीटर जाईल), अर्धा तास गाडी झोपू द्यायची, मग एकेक फ्यूज काढून पाहायचा. ज्या फ्यूजला आकडा पडला, चोर त्याच लाइनीत. बाहेरून बसवलेला टेप, जीपीएस आधी बघा. कोणत्याच फ्यूजला पडला नाही तर अल्टरनेटरचा डायोड तपासा.

तासाभराच्या या कामाची मजुरी खुशाल द्या. पण करंटचा आकडा बिलावर लिहून घेतल्याशिवाय नव्या बॅटरीला हो म्हणू नका.