वेळही त्यांची, मालकीही त्यांची

कंपनी काढली तेव्हा भांडवल ६ पौंड, कचेरी म्हणजे घरातले जेवणाचे टेबल आणि माल असा, की त्याला पैसे मोजावे लागतात हेच गिऱ्हाइकांना पटत नव्हते. १९६२च्या ब्रिटनमध्ये सॉफ्टवेअर संगणकाबरोबर फुकट मिळे. ते वेगळे विकायला काढणे हा लोकांना वेडेपणा वाटे आणि ते एका बाईने विकणे हा त्याहून मोठा. स्टेफनी शर्ली यांच्या पत्रांना उत्तरेच येईनात, तेव्हा नवऱ्याने सुचवले म्हणून त्यांनी ‘स्टीव्ह’ अशी सही करायला सुरुवात केली. मग भेटी मिळू लागल्या. स्टीव्ह ही बाई आहे हे समोरच्याच्या लक्षात येईपर्यंत त्या आत पोहोचलेल्या असत. ९ ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी शर्ली यांचे निधन झाले. त्यांच्याबद्दल लिहिताना या सहीचा किस्सा टाळता येत नाही. पण तेवढ्यावर थांबले, तर एका चतुर बाईने पुरुषांना कसे चकवले याचीच करमणूक होते आणि कामाच्या रचनेत त्यांनी जो बदल घडवला तो नजरेआड राहतो.

त्यांचे मूळ नाव व्हेरा बुकथाल. जन्म १९३३चा, जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा. वडील ज्यू, पेशाने न्यायाधीश. नाझी सत्तेवर आले आणि ते पद गेले. कुटुंब व्हिएन्नाला गेले, तर तिथेही नाझी पोहोचले. १९३९च्या उन्हाळ्यात पाच वर्षांच्या व्हेराला नऊ वर्षांच्या बहिणीसोबत ‘किंडरट्रान्सपोर्ट’च्या, म्हणजे ज्यू मुलांना नाझी मुलखातून बाहेर काढणाऱ्या, गाडीत बसवण्यात आले. सुमारे १० हजार मुले या मार्गाने ब्रिटनमध्ये आली, त्यांतल्या अनेकांना आईवडील पुन्हा दिसले नाहीत. व्हेराचे आईवडील वाचले, पण तुटलेले नाते पुरते सांधले नाही. ती वाढली एका इंग्रज जोडप्याच्या घरी. जीव वाचवला गेला आहे, तर तो वाचवण्याच्या लायकीचा ठरला पाहिजे, ही जाणीव शर्ली पुढे आयुष्यभर बोलून दाखवत राहिल्या.

मुलींच्या शाळेत गणित शिकवत नसत, म्हणून त्या परवानगी काढून मुलांच्या शाळेत गणिताला बसल्या. पुढे लंडनच्या डॉलिस हिल इथल्या टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात नोकरी. युद्धकाळात टॉमी फ्लॉवर्स यांनी ‘कोलोसस’ हा संगणक उभा केला तो इथेच. शर्ली दिवसा काम करत, रात्रीच्या वर्गांना जात. असे करत त्यांनी १९५६ मध्ये गणिताची पदवी मिळवली. स्त्रियांची वेतनश्रेणी वेगळी आणि अर्थातच खालची. लग्न झाले किंवा पहिले मूल झाले की बाई नोकरी सोडणार, हे गृहीतच धरलेले. त्यामुळे संगणकाची भाषा शिकलेल्या, अनुभव घेतलेल्या कित्येक स्त्रिया विशीत-तिशीतच घरी बसलेल्या होत्या. बाजारात प्रोग्रॅमर मिळत नव्हते आणि तयार प्रोग्रॅमर घरात पोरे सांभाळत होत्या. ही विसंगती ज्यांना दिसत होती, त्यांच्यापैकी शर्ली एक. त्यावर धंदा उभारायचे धाडसही त्यांनी केले.

‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ या त्यांच्या कंपनीची पद्धत साधी होती. अट एवढीच की बाईच्या घरी टेलिफोन हवा. संगणक घरी असण्याचा प्रश्नच नव्हता. प्रोग्रॅम पेन्सिलीने कागदावर लिहायचा, टपालाने पाठवायचा. मुले शाळेत असताना, झोपल्यावर, जमेल तेव्हा. पहिल्या ३०० जणांत पुरुष फक्त ३. शर्ली स्वतःही नुकत्याच आई झालेल्या. गिऱ्हाइकाचा फोन आला की मागचा लहान मुलाचा आवाज झाकायला त्या टंकलेखनाच्या खडखडाटाची टेप लावत. मालगाड्यांची वेळापत्रके बसवण्यापासून कॉनकॉर्ड या स्वनातीत विमानाच्या ब्लॅक बॉक्सच्या प्रोग्रॅमिंगपर्यंतची कामे अशा घरांतून झाली.

यातली खरी कल्पकता हिशेबात होती. अर्धवेळ काम करणाऱ्या, विखुरलेल्या बायका काम घेणार म्हटल्यावर गिऱ्हाईक बिचकणारच. शर्ली यांनी तासांचा हिशेब दाखवणेच बंद केले आणि संपूर्ण कामाची एकच ठरलेली किंमत सांगायला सुरुवात केली. सल्लागारी व्यवसायात ती तेव्हा नवी गोष्ट होती. कोण किती वाजता खुर्चीत बसले याचे महत्त्व त्यामुळे संपले आणि काम नीट झाले का एवढाच प्रश्न उरला. १९७५ मध्ये लिंगभेदविरोधी कायदा आला आणि बायकांच्या हितासाठी केलेल्या त्या कायद्यानेच स्त्रियांना प्राधान्य देण्याचे हे धोरण बेकायदा ठरवले. शर्ली यांनी पुरुषांना दार उघडले आणि पद्धत तीच ठेवली. तोवर ती पद्धत कोणाच्याही हाती चालेल इतकी पक्की झाली होती.

पण निव्वळ सवडीचे काम देऊन न्याय होत नाही. या बायका बहुतांशी पगारी नोकर नव्हत्या. काम केले तर मोबदला, नाही तर नाही. असा धंदा मालकाला स्वस्त पडतो, कारण कचेरीचे भाडे, विजेचा खर्च, आजारपण हे सारे ज्याच्या त्याच्या घरावर ढकललेले असते. शर्ली एवढ्यावर थांबल्या असत्या, तर शिकलेल्या बायकांची वेळ कमी दरात घेणाऱ्या एक हुशार व्यावसायिक एवढीच त्यांची नोंद झाली असती. त्यांनी कंपनीचा चौथा हिस्सा कर्मचाऱ्यांच्या हाती जाऊ दिला, तोही स्वतःच्या पदरचा. १९९१ मध्ये कंपनी कर्मचाऱ्यांच्या ताब्यात आली, १९९६ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात नोंदली गेली आणि पुढे ७० कर्मचारी दशलक्षाधीश झाले, पौंडांतले. घरून काम करण्याची मुभा आता अनेक कंपन्या देतात. मालकीत वाटा देणाऱ्या आजही मोजक्याच.

त्यांच्या सामाजिक कामाचे मूळही घरातच होते. १९६३ मध्ये जन्मलेला एकुलता एक मुलगा गाइल्स बोलायला लागला होता. अडीच वर्षांचा होता होता ते बोलणे हरपले. तो स्वमग्न होता आणि पुढे त्याला अपस्माराचे झटकेही येऊ लागले. १९९८ मध्ये, ३५व्या वर्षी तो गेला. कंपनीची भरभराट आणि घरातली ही झुंज एकाच वेळी चालली होती, आणि त्या ताणाने शर्ली स्वतःही एकदा कोलमडून पडल्या होत्या. स्वमग्न प्रौढांना माणसासारखे राहता यावे यासाठी त्यांनी संस्था उभी केली आणि तिचा पहिला रहिवासी होता गाइल्स. मग बर्कशरमधली ‘प्रायर्स कोर्ट’ ही शाळा, संशोधनासाठी ‘ऑटिस्टिका’, आणि इंटरनेटचा समाजावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करणारी ‘ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूट’. मिळालेल्या संपत्तीतले सुमारे ७ कोटी पौंड त्यांनी देऊन टाकले. ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष होत्या. दान देताना त्यांचा नियम ठरलेला असे. आपल्याला ज्यातले कळते त्यातच पैसा घालायचा, आणि संस्था पायावर उभी राहिली की बाजूला व्हायचे. १९९३ मध्ये स्वतःच्या कंपनीतून निवृत्त होतानाही त्यांनी हेच केले.

या कथेचा एक धागा भारतात येतो. शर्ली निवृत्त झाल्यावर, १९९७ मध्ये, त्यांच्या कंपनीने नोएडाची ‘आयआयएस इन्फोटेक’ विकत घेतली. घरोघरी वाटून काम करवून घेणारी ही कंपनी आता ते समुद्रापार वाटू लागली. ‘झान्सा’ या नव्या नावाने तिच्यात पुढे हजारो भारतीय अभियंते काम करू लागले. काम आणि जागा यांची फारकत करता येते हे शर्ली यांनी सिद्ध केले होते. आपल्या माहिती-तंत्रज्ञान उद्योगाने त्यातला जागेचा भाग उचलला, वेळेचा नाही. इथे काम देश ओलांडून आले, पण बाईला मात्र ते ठरलेल्या वेळी, ठरलेल्या इमारतीतच करावे लागले. करोनाकाळात हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या कचेऱ्या ओस पडूनही काम थांबले नाही. त्यानंतर परतीचे फर्मान निघाले तेव्हा सर्वाधिक ओढाताण कोणाची झाली, हे कोणत्याही घरात विचारून पाहावे. २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने बाळंतपणाच्या रजेनंतर घरून कामाची तरतूद आणली, पण कामाचे स्वरूप तसे असेल आणि मालकाशी सहमती होईल तरच. म्हणजे अखेर ती मालकाची मर्जीच.

सवलत देणाऱ्याला ती काढून घेताही येते. शर्ली यांनी बायकांना सवलत दिली नाही. त्यांच्या सोयीला धरून धंद्याची रचना केली आणि वाढलेल्या धंद्यात त्यांना भागीदार केले. तेव्हा येत्या महिला दिनी गुलाबाची फुले वाटणाऱ्या कंपन्यांना दोनच प्रश्न विचारावेत. मूल झाल्यावर परतलेल्यांपैकी किती जणींची बढती अडली नाही? आणि कंपनीच्या शेअरपैकी किती त्यांच्या नावावर आहेत?