परसातल्या कोंबड्या आणि वाडीचा नियम



या पानावर एरवी आम्ही बेणे, लागण, खोडवा, पाचट आणि हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस कोंबड्यांवर लिहीत आहोत. ऊस विकास अधिकाऱ्याला हा नसता उद्योग कोणी सांगितला, असे काहींना वाटेल. पण गटात फिरताना बांधाइतकाच आमचा वेळ सभासदांच्या ओट्यावर जातो, आणि तिथे अलीकडे हा विषय वारंवार निघतो. एक जण विचारतो, "साहेब, परसात दहा कोंबड्या पाळायच्या तर कुणाची परवानगी लागते?" दुसरा तावातावाने म्हणतो, "शेजाऱ्याच्या कोंबड्या माझी मेथी उकरतात. ह्याला काही कायदा आहे का नाही?" काही वाड्यांत तर गावठाणात कोंबडीच नको, असा ठराव करण्याची भाषा ऐकू येते.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. कोंबड्या असाव्यात, आणि नियमही असावेत. मात्र सरकारचे जे नियम आहेत ते आपल्याला माहीत नाहीत, आणि जे वाडीने स्वतः करायचे ते आपण केलेले नाहीत. सगळा घोळ तिथे आहे.

कोंबड्या का असाव्यात? जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस तुटायला पंधरा ते अठरा महिने लागतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात हे खरे, पण तो तुटेपर्यंत घर कशावर चालायचे? शिवाय बिल जमा होते सभासदाच्या खात्यावर, सोसायटीची वसुली होऊन. शेअर बहुतेक घरी पुरुषाच्या नावावर. अंड्याचा पैसा मात्र आठवड्याच्या बाजारी घरच्या लक्ष्मीच्या हातात पडतो, आणि तो वहीपेनात, तेलमिठात जातो. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. गिरिराज, वनराजा, ग्रामप्रिया या सुधारित जाती नीट सांभाळल्या तर त्याच्या दुप्पट आणि वरही देतात. घरचे खरकटे, मक्याची भरड, तांदळाची कणी आणि नांगरामागची हुमणी, एवढ्यावर त्यांचे बरेचसे भागते. कोंबडखतात नत्र सुमारे ३ टक्के असते, शेणखतात अर्धा टक्का. बारा कोंबड्यांचे खत एकरभर उसाला पुरणार नाही, पण परसातल्या भाजीला आणि शेवग्याला पुरून उरेल. ताजे मात्र घालू नये, ते कडक असते, कुजवूनच वापरावे.

आता कायद्याचे पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाच हजारांच्या वर पक्षी असतील तर राज्य मंडळाचे संमतीपत्र लागते. वस्तीपासून ५०० मीटर, नदी-कालव्यापासून १०० मीटर हे अंतरही अशा शेडसाठी आहे. तुमच्या दहा-बारा कोंबड्यांना हे लागू नाही. तेव्हा कोणी संमतीपत्राची भीती घालून चिरीमिरी मागत असेल तर त्याला सरळ कागद दाखवायला सांगावे. बारामती आणि इंदापूर शहरांच्या हद्दीत राहणाऱ्यांनी मात्र नगरपरिषदेत चौकशी करून घ्यावी.

पण म्हणून परसातली कोंबडी कायद्याबाहेर आहे, असे नाही. तीन कायदे एका कोंबडीलाही लागू आहेत. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयी २००९ चा केंद्रीय कायदा आहे. अशा रोगाची शंका आली तर कळविण्याची जबाबदारी तो मालकावर टाकतो, मग मालकाकडे हजार पक्षी असोत की चार. १९७६ च्या पाटबंधारे कायद्याने कालव्याचे पाणी घाण करणे गुन्हा आहे. नीरा डावा कालवा नुसता उसासाठी वाहत नाही, त्यावर पिण्याच्या पाण्याची तळीही भरतात. मेलेली कोंबडी चारीत फेकणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मुंगूस, रानमांजर यांना सापळा लावता येत नाही. उसाच्या कडेला राहायचे तर मुंगूस येणारच. त्याला उपाय एकच, रात्री खुराडे पक्के बंद करणे.

हे सारे शहाणपण आम्हाला आधीपासून होते असे मात्र समजू नका. आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. तीन वर्षांमागे आमच्या परसात चौदा कोंबड्या होत्या. उन्हाळ्याच्या तोंडाला मानमोडी आली. हिरवट हगवण, धापा, वाकड्या झालेल्या माना. चार दिवसांत अकरा मेल्या. लस टोचलेली नव्हती. आज आणू, उद्या आणू म्हणत राहून गेली होती. मेलेल्या कोंबड्या पोत्यात घालून आम्ही ओढ्याकडेला टाकून आलो. रात्री कुत्र्यांनी पोते फाडले आणि वाडीभर नेले. पंधरवड्यात सहा-सात घरची खुराडी रिकामी झाली. त्यात शेजारच्या एका आजींच्या नऊ कोंबड्या होत्या. त्यांचा चहा-साखरेचा आणि गोळ्या-औषधाचा खर्च अंड्यांवर चाले. आजी भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही तर उसाच्या बेण्यालासुद्धा औषध लावायला सांगता."

त्या वाक्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. आजींना तलंगा आणून दिल्या. पण नियम मोडला तो आम्ही, आणि भोगले वाडीने, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

पुढे चौकशी केली तेव्हा खरी अडचण कळली. मानमोडीची लस महाग मुळीच नाही. पण बाटली सहसा शंभर पक्ष्यांची किंवा त्याहून मोठी असते, ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. घरात बारा कोंबड्या असलेला माणूस शंभराची बाटली आणून काय करणार? म्हणून कोणीच आणत नाही. पण वाडीतल्या दहा घरांनी एक दिवस ठरवला, तर एकच बाटली सगळ्यांना पुरते. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात-नाकात लासोटाचा थेंब, आठव्या ते दहाव्या आठवड्यात आर-टू-बीचे इंजेक्शन. मधले डोस आणि देवीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावी. एकट्याच्या उसाला गुऱ्हाळाच्या दारात कोण भाव देत होते? म्हणून आपण कारखाना काढला. लशीच्या बाटलीचा हिशोब तोच आहे. कारखाना काढणाऱ्यांच्या मुला-नातवांना दहा घरांचा एक दिवस जुळवता येऊ नये, ही लाजेची गोष्ट आहे.

शेडवाल्या सभासदांचे म्हणणे असते की, परसातल्या कोंबड्यांमुळे रोग येतो आणि नुकसान आमचे होते. यात तथ्य आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. २०२१ च्या जानेवारीत परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या दगावल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे पटापट मेले, तपासणीत तोच रोग निघाला. आपल्या इंदापूर तालुक्यात तर उजनीचे पाणलोट आहे. भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात रोहित आणि दूरदेशीचे पक्षी उतरतात. पाहायला फार चांगले, पण त्या काठावर आपल्या कोंबड्या चरायला सोडू नयेत. रोग निघाला तर एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी नष्ट करतात, शेडमधले आणि डालग्याखालचेही. त्या वेळी सरकार मारलेल्या पक्ष्यांची भरपाई देते; आधीच मरून गुपचूप पुरलेल्यांची देत नाही. म्हणजे लपविणाऱ्याचे दोन्हीकडून नुकसान. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही.

पण शेडवाल्यांनीही सगळे खापर गरिबाच्या खुराड्यावर फोडू नये. शेडच्या माश्या गावाला होतात, त्याचे काय? जुलै २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. मान मिळाला की जबाबदारीही येते. ज्याची शेड आहे त्याने घरी गावठी कोंबडी ठेवू नये, परसातून उठून त्याच चपलांनी शेडमध्ये जाऊ नये, आणि खताचा ढीग उघडा टाकू नये.

तेव्हा सरसकट बंदीचा ठराव करू नये. त्यापेक्षा वाडीने बसून चार गोष्टी ठरवाव्यात. गावठाणात घरटी पंधरांच्या वर कोंबड्या नकोत; जास्त पाळायच्या त्याने रानात पाळाव्यात. शेजाऱ्याचे वाफे उगवून वर येईपर्यंत कोंबड्या जाळीत ठेवाव्यात. लसीकरणाचा दिवस सगळ्यांचा एक असावा. आणि मेलेली कोंबडी विहिरीपासून लांब, तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरावी. एकाएकी दोन-तीन मेल्या तर मात्र हात न लावता त्याच दिवशी दवाखान्यात कळवावे. यासाठी वकील लागत नाही, एक संध्याकाळ आणि देवळाचा पार पुरतो.

जाता जाता आमच्या खात्यातली एक गोष्ट. फोरेटवर २०२० अखेर बंदी आली, तरी काही घरी जुन्या पुड्या माळ्यावर पडून आहेत. उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडही सर्रास टाकले जाते. दाणे टिपणाऱ्या कोंबडीला त्यातले काही कळत नाही, आणि ती अंडी खाणाऱ्या लेकराला तर नाहीच. आमचा कृषी सहायक गटात येईल तेव्हा अशा पुड्या त्याला दाखवाव्यात.

पहिली बाटली आमच्या वाडीत आम्ही आणली. आजींच्या दारापासून सुरुवात केली. दहा घरे ठरली होती, प्रत्यक्षात सात आली. उरलेली तीन पुढच्या खेपेला येतील, अशी आशा आहे.

— ऊस विकास अधिकारी