अळंबीची बाटली आणि बाबांची भीती

तर झालं असं, की गेल्या रविवारी मामा आला तो बाटली घेऊनच. ‘लायन्स मेन’ नावाच्या अळंबीच्या कॅप्सूल. म्हणाला, "दाजींना रोज दोन दे. घबराट जाते."

बाबांना स्ट्रोक येऊन आठ महिने झाले. हात सुधारला, बोलणं सुधारलं. पण अंघोळीला जाताना आतून कडी लावत नाहीत. रात्री दोन वाजता मला उठवतात, "अरे, बघ रे, तोंड वाकडं झालंय का माझं?"

स्ट्रोकनंतर साधारण चार-पाच जणांत एकाला अशी चिंता ग्रासते. आणि आम्ही? दर फॉलोअपला बीपी विचारलं, शुगर विचारली, भीतीबद्दल चकार शब्द नाही. ती मोकळी जागा बाटलीवाल्यांनी बरोबर हेरली.

पुरावा काय, तर २०१० सालचा एक जपानी अभ्यास. ३० महिला, चार आठवडे, या अळंबीची बिस्किटं. चिंता थोडी कमी झाली. छान! पण तो स्ट्रोकच्या पेशंटवर नव्हताच. ‘माझ्या लॅपटॉपवर चालतंय’ एवढ्यावर मी कोड प्रॉडक्शनला टाकला, तर मॅनेजर उभा-आडवा घेईल मला.

आणि म्हणे नैसर्गिक आहे. अहो, धोतराही नैसर्गिकच! या अळंबीतला एक घटक रक्तातल्या प्लेटलेट्सना गोळा होऊ देत नाही, असं प्रयोगशाळेत दिसलंय. बाबा आधीच रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात. हे मामाला कोण सांगणार?

आता कुणी म्हणेल, डॉक्टरांकडे तरी कुठे पक्का पुरावा आहे? मान्य. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात या चिंतेवरच्या उपचारांचे मिळून तीनच अभ्यास सापडले, १९६ रुग्ण. ठाम निष्कर्ष नाही. पण डॉक्टर औषध देतात तेव्हा बाकीच्या गोळ्या बघतात, पुन्हा बोलावतात, नाही जमलं तर बदलतात. बाटली फक्त संपते आणि पुन्हा विकत घ्यायला लावते. अळंबीचीही स्ट्रोकच्या पेशंटवर रीतसर चाचणी करा ना. पास झाली तर पहिला ग्राहक मी. तोवर घाबरलेल्या माणसाच्या खिशात हात घालू नका.

परवा फॉलोअपला मी बीपीच्या आधी सांगितलं, "डॉक्टर, बाबांना फार भीती वाटते." बाबा आधी माझ्यावर डाफरले, मग स्वतःच बोलायला लागले. वीस मिनिटं. आता काउन्सेलरची तारीख मिळालीय.

मामा रुसलाय. बाटली फ्रिजवर आहे, सील न फोडलेली. असो. तुमच्या घरी कुणी असेल, तर एवढंच करा. विचारा.