गाडीचं गोत्र

हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. माझ्या हौसेला होतं. साडेअकरा हजार डॉलर, शिवाय गाडी घरापर्यंत वाहून आणणाऱ्या ट्रकवाल्याचे दीडशे वेगळे. २०१८ च्या ऑक्टोबरात मिशिगनमधल्या एका शेतावरच्या लाकडी कोठारातून मी १९६७ सालची पाँटियाक जीटीओ घरी आणली. चारी टायर बसलेले, पत्र्याला भोकं, मागच्या सीटमध्ये उंदरांच्या कित्येक पिढ्यांचा संसार आणि इंजिन जाम. बायकोनं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "ही चालत नाही?" मी म्हटलं, "अजून नाही." त्या 'अजून'वर पुढची जवळजवळ तीन वर्षं गेली.

ज्यांना या गाड्यांचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. साठच्या दशकात जनरल मोटर्समध्ये एक अंतर्गत नियम होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटियाक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची इंजिन टेम्पेस्ट नावाच्या मध्यम गाडीत बसवलं आणि ती वेगळी गाडी म्हणून न विकता 'जादा पैसे भरून मिळणारी सोय' म्हणून विकली. फेरारीच्या एका गाडीचं नावही बिनदिक्कत उचललं, जीटीओ. पाचेक हजार खपतील असा अंदाज होता. १९६४ सालात ३२,४५० खपल्या. मग सगळेच धावले. फोर्ड, डॉज, प्लिमथ, शेवरले, ज्याला त्याला 'मसल कार' हवी झाली. आपल्याकडे पैलवान असतात तशा या गाड्या. खुराक भरपूर, ताकद अफाट, वळणावर मात्र जरा जपून. दहा वर्षांत तालीम बंद पडली. विम्याचे हप्ते वाढले, १९७० मध्ये हवेच्या प्रदूषणाचा कायदा कडक झाला, १९७३ मध्ये अरबांनी तेल रोखलं. २०१० मध्ये तर पाँटियाक हे नावच बंद झालं.

मी गाड्यांच्याच धंद्यात आहे, पण गाडीतल्या संगणकाच्या बाजूला. पंचवीस वर्षं गाड्यांवर पोट भरून मी आयुष्यात एक नट स्वतः सैल केला नव्हता. ही गोष्ट मला टोचत होती, कारण माझे वडील, अण्णा, कराडला हायवेलगत ट्रकचं गॅरेज चालवत. लहानपणी मी गॅरेजात पाऊल टाकलं की ते ओरडायचे, "हात काळं करू नगंस. अभ्यासाला बस." मी बसलो. इतका बसलो की डेट्रॉइटला येऊन पोचलो.

तर त्या हिवाळ्यात मी गाडी खोलायला घेतली. नवशिका जी चूक करतो ती मी उत्साहानं केली. बंपर काढला, दरवाजे काढले, सीटा, डॅशबोर्ड, कार्बोरेटर, सगळं काढलं. काढणं फार सोपं असतं हो. प्रत्येक रविवारी वाटतं, आज केवढं काम झालं! सगळे नटबोल्ट मी एका मोठ्या टबात टाकत गेलो. कुठला कुठचा हे लक्षात राहील असा माझा समज होता.

आणि जानेवारीतल्या एका रात्री दरवाजाच्या बिजागरीचा खांब घासताना रिव्हेट मारलेली एक पट्टी दिसली. गाडीचा नंबर. पाँटियाकच्या त्या काळच्या जीटीओचा नंबर २४२ या आकड्यांनी सुरू होतो. माझ्या पट्टीवर २३७ होतं. २३७ म्हणजे लेमान्स, त्याच कारखान्यातली साधी बहीण. कुणीतरी तिच्यावर जीटीओची अक्षरं चिकटवली होती. इंजिनही चारशे घनइंचांचं नव्हतं, ३२६ चं निघालं. पाँटियाकची त्या काळातली व्ही-८ इंजिनं बाहेरून एकसारखीच दिसतात, पुढच्या बाजूला ठोकलेली दोन अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. विकणाऱ्यानं मला फसवलं की त्यालाच आधी कुणी फसवलं होतं, देव जाणे. नुसतं दार उघडून तीन आकडे वाचले असते तर निम्मे पैसे वाचले असते. मी वाचले नव्हते. मी रंगाकडे बघत होतो.

हे मी बायकोला दोन आठवडे सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अण्णा मे महिन्यात येतायत. त्यांना तू सांग."

इथे मला जरा भांडायचं आहे. या शौकिनांच्या जगात 'नंबर जुळणं' नावाचं एक प्रकरण आहे. चासीवरचा, इंजिनावरचा, गिअरबॉक्सवरचा नंबर एकमेकांशी जुळला पाहिजे. म्हणजे गाडी कारखान्यातून ज्या इंजिनानिशी निघाली त्याच इंजिनानिशी आजही उभी आहे हे सिद्ध होतं. जुळले तर किंमत चढते, न जुळले तर पडते. आपल्याला हे नवं नाही. पत्रिका जुळवणाऱ्या, गोत्र विचारणाऱ्या, नाडी बघणाऱ्या समाजातून आपण आलो. वधू कशी आहे, काय करते, हसते कशी, हे शेवटी; आधी कुळ. संग्रहालयात ठेवायच्या गाडीला हा न्याय ठीक आहे, इतिहासाचा पुरावा म्हणून तो जपलाच पाहिजे. पण पहिल्यांदा पाना हातात धरणाऱ्या माणसानं त्याच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या गाडीचं कुळ मोठं, तिला हात लावायची भीती वाटते. चुकलो तर? मग ती कोठारातून गॅरेजात येते आणि तिथे पुन्हा वीस वर्षं पडून राहते. साध्या घरच्या गाडीवर चुका करता येतात, आणि पहिल्या गाडीवर चुका करण्यापलीकडे आपण दुसरं काय करणार असतो?

(हे तत्त्वज्ञान मला फसल्यावर सुचलं, हे कबूल करतो.)

अण्णा आले तेव्हा ७४ वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच गॅरेजात गेले. मी चहा घेऊन गेलो तर टबासमोर स्टूल टाकून बसलेले. म्हणाले, "आरं, ह्याचं काय लोणचं घालनार हाइस?" मग मी २४२ आणि २३७ ची कथा सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. "बरं, मग? इंजान फिरतंय का?"

त्या उन्हाळ्यात मला कळलं की अण्णांना डेट्रॉइट माझ्या आधीपासून माहीत होतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, डेट्रॉइटच्या क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, फार्गो अशा गाड्या नि ट्रक बाहेर पडू लागले. अण्णा चौदाव्या वर्षी ज्या ट्रकखाली झोपून काम शिकले तो कुर्ल्याचा फार्गो होता. माझ्या गाडीचं बॉनेट उघडून ते म्हणाले, "पट्टी इंचाचीच लागनार. मिलीमीटरचं पानं उचलून ठेव." मी मिलीमीटरचा नवा कोरा संच आणला होता.

इंजिनाचे आठही स्पार्क प्लग काढून त्यांनी भोकांत पातळ तेल ओतलं आणि आठ दिवस गाडीला हात लावू दिला नाही. मला वाटलं होतं, ते जोर लावतील. नवव्या दिवशी क्रँकच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून त्यांनी तो अगदी हलकेच पुढे-मागे केला. पुढे-मागे, पुढे-मागे, अर्धा तास. मग काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि दांडा इंचभर सरकला. अण्णांनी तो माझ्या हातात दिला. "आता तू. घाई करू नगंस, रिंगा मोडतील."

त्यानंतर मी रंगाबद्दल बोलायला लागलो, तेव्हा त्यांनी मला ब्रेकपाशी बसवलं. पळायच्या आधी थांबायला शिकवा, हा त्यांचा क्रम. रबरी नळ्या फुगून आतून बंद झालेल्या, चारी ड्रममधले सिलिंडर गंजलेले. १९६७ पासून अमेरिकन गाड्यांत दुहेरी मास्टर सिलिंडर आला, एक बाजू फुटली तरी दुसरी राहते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. पहिला ड्रम निघाल्यावर अण्णा सवयीनं वाकले आणि धूळ फुंकायला गाल फुगवले. मी त्यांचा खांदा धरून मागे ओढलं. त्या काळच्या ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ती धूळ फुंकायची नसते, ओल्या फडक्यानं पुसायची, तोंडावर मास्क लावून. मी सांगितलं. ते मास्क हातात घेऊन बघत राहिले. "पन्नास वर्सं फुंकली की रं," म्हणाले, आणि मास्क लावला. दिवसभर दोघंही त्याबद्दल काही बोललो नाही.

एकदा माझ्याकडून बोल्टचे आटे गेले. गंजलेला बोल्ट जोरानं फिरवला की हेच होतं. मी चिडून पाना फेकला. अण्णांनी तो उचलला, पुसला, जागेवर ठेवला. मला त्या क्षणी जे लागलं ते बोल्टचं दुःख नव्हतं. हा माणूस रोज दहा तास हेच करत होता आणि घरी येऊन माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करत होता. आपण मध्यमवर्गीय झालो म्हणजे नक्की काय झालो? हात स्वच्छ झाले. मुलांना जेईईचा क्लास लावतो. घरातला नळ गळला तर शोधाशोध करतो की नळवाला कुठे मिळेल. कामाला प्रतिष्ठा आहे असं भाषणात म्हणायचं आणि पोराला गॅरेजातून हाकलायचं, हे अण्णांनी केलं ते गरिबीच्या भीतीनं. आम्हाला ते निमित्तही नाही. माझ्या मुलीला मी सोळाव्या वर्षापर्यंत स्टेपनी बदलायला शिकवलं नव्हतं, कारण मलाच येत नव्हतं. ती अण्णांकडून वीस मिनिटांत शिकली.

ऑक्टोबरात अण्णा परत गेले. पुढे पत्र्याचं काम राहिलं, आणि ते सगळ्यात वाईट. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे अकराशे फुटांवर मिठाची खाण आहे. वर गाड्या घडवायच्या, खालून मीठ काढायचं, हिवाळ्यात ते रस्त्यावर पसरायचं आणि त्यानं गाड्या खायच्या, असा हा गावाचा उद्योग. माझ्या गाडीचा तळ चाळणीसारखा झाला होता. कोविडच्या वर्षात मी वेल्डिंग शिकलो. माझे टाके गोधडीच्या टाक्यांसारखे आहेत, पण ते चटईखाली झाकले जातात. जीटीओची अक्षरं मी काढून टाकली. २०२२ च्या ऑगस्टात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर हौशी लोकांच्या मिरवणुकीत गाडी उभी केली होती, तेव्हा एका गृहस्थानं आत डोकावून विचारलं, "जीटीओ?" मी म्हटलं, "लेमान्स." तो पुढच्या गाडीकडे गेला. मला वाईट वाटलं नाही म्हटलं तर खोटं होईल, थोडं वाटलं.

पण इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ती रात्र आदल्या वर्षीची, २०२१ च्या जुलैतली. आमच्याकडे आठ वाजले होते, कराडला पहाटेचे साडेपाच. अण्णा उठलेले असणार हे माहीत होतं. मी किल्ली फिरवली, धूर झाला, खोकला झाला, आणि आठ सिलिंडरांची ती घुमणारी गुरगुर गॅरेजभर झाली. मी फोन बॉनेटपाशी धरला. पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं, अण्णांना भरून आलं असेल.

"आण्णा, ऐकू येतंय ना?"

"येतंय. एक सिलिंडर मारत न्हाई. प्लगच्या वायरी एकेक करून काढ. पक्कड रबराची घे."

मी एकेक वायर काढत गेलो. दर वायरीला आवाज पडायचा, परत लावली की सावरायचा. पाचवी काढली तेव्हा काहीच फरक पडला नाही.